धुक्यात मिळालेली शाबासकी

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. दात झिजलेत, गुडघे कुरकुरतात, पण ऐट काही गेलेली नाही, असं माझ्या धन्याची लेक तुमिनी म्हणते. ब्रोमो ज्वालामुखीच्या पायथ्याशी काळ्या वाळूचं मोठं मैदान आहे. पाहुण्यांना पाठीवर घेऊन ते ओलांडायचं आणि पायऱ्यांपाशी पोहोचवायचं, हे माझं काम होतं. पाहुणे वर जाऊन धुमसतं विवर बघत आणि मी खाली माश्या वारत उभा राही.

आमच्या गावात माणसाला थोरल्या लेकराच्या नावाने ओळखतात, म्हणून माझे धनी म्हणजे तुमिनीचे बाबा. त्यांनी मला शिंगरू असल्यापासून वाढवलं. वाळूत धुकं उतरलं की ते माझ्या पाठीवर बसत, लगाम सैल सोडत आणि गप्प राहत. मग मी सरळ घर गाठत असे. सगळ्या घोड्यांत वाट अशी पाठ असलेला मीच, आणि त्याचा मला भारी गर्व होता.

एका सकाळी सुरबाया शहरातून एक निवृत्त मास्तर आले. अंगात पातळ सदरा आणि पोट चांगलं सुटलेलं.

"अहो, हा घोडा आहे की शेळी? मोडेल ना माझ्या वजनाने!"

"हळू बोला मास्तर, त्याला सगळं कळतं," तुमिनीचे बाबा हसले. "मनात धरलं तर येताना चालत यावं लागेल!"

मी मनात धरलंच होतं. मुद्दाम दोन हिसके दिले. पण मास्तर थंडीने कुडकुडायला लागले, तेव्हा बाबांनी आपल्या खांद्यावरचा जाड सारोंग काढून त्यांना गुंडाळला. आमच्याकडे त्या कापडाशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही.

"अहो, आणि तुम्ही?"

"माझं काय, मी इथलाच. पाहुणा गारठला तर डोंगराला काय तोंड दाखवू?"

विवर बघून मास्तर खाली आले, कसेबसे खोगिरावर चढले आणि ओरडले, "अरे देवा! माझा चष्मा वरच राहिला!"

"बसून राहा. हा आलोच," म्हणत तुमिनीचे बाबा पुन्हा पायऱ्या चढू लागले.

तेवढ्यात डोंगर गुरगुरला. राख उडाली आणि धुकं असं दाटलं की मला माझेच खूर दिसेनात. मास्तरांची तर दातखीळच बसली. त्यांनी सारोंग तोंडाला गुंडाळला, लगाम सोडला आणि माझी आयाळ घट्ट धरली. पाठीवर धन्याचा वास, लगाम सैल आणि आवाज नाही. मी घराकडे निघालो.

मित्रांनो, इथवर माझी चूक म्हणता येणार नाही. पण खरं सांगू? अर्ध्या वाटेत मला कळलं होतं. पाठीवरचं ओझं जड होतं, बसणं बेढब होतं. आणि मागून, लांबून, हाक ऐकू आली. तो आवाज मी ओळखला. मी थांबायला हवं होतं. पण डोंगर पुन्हा गुरगुरला, माझे पाय लटपटले आणि मी पळालो.

गावात एकच जल्लोष झाला. "पाहुण्याला सुखरूप आणलं हो! काय हुशार जनावर!" कुणी गाजरं आणली, कुणी पाठ थोपटली. मास्तर मात्र रडत होते. "अहो, तो माणूस तिकडेच आहे! कुणीतरी जा!"

तुमिनीचे बाबा सापडले तेव्हा दुपार कलली होती. राखेने पांढरे झाले होते, हातात चष्मा होता आणि बसलेल्या घशाने अजून "मास्तर! ओ मास्तर!" म्हणत होते.

तुमिनीची आई कळवळली, "अहो, आधी घरी येऊन बघायचं ना!"

"पाहुण्याला वाळूत टाकून घरी कसा येऊ गं?"

ती राख त्यांच्या छातीत बसली ती बसलीच. आता त्यांना अंगणही एका दमात ओलांडवत नाही. बरीच वर्षं तुमिनी मला वाळूत नेत होती. आता मीही थकलो. पाहुणे जीपमधून येतात, फोटो काढतात, निघून जातात. मी घरामागे बांधलेला असतो, माझ्याकडे कुणी बघत नाही. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते वेगळंच.

मित्रांनो, तुम्हाला जीभ आहे. तुमच्या भित्रेपणाला कुणी शौर्य म्हटलं, तर तिथल्या तिथे सांगून टाका, "नाही हो, मी पळालो होतो." आणि कुणाची हाक ऐकू आली तर थांबा. पाय लटपटले तरी थांबा.

मला सांगता येत नाही. रोज सकाळी तुमिनीचे बाबा भिंतीला धरत धरत, खोकत माझ्यापाशी येतात. "शहाणं माझं बाळ! त्या दिवशी तू माझी अब्रू राखलीस," म्हणतात आणि कोबीची कोवळी पानं पुढे करतात. मी मान खाली घालतो आणि खातो.