पहिल्या वेढ्याला खळ

मी रूळ बोलतोय. शिसवीचा, हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड. माझ्यावर कागद गुंडाळून शोभेच्या दारूच्या पुंगळ्या वळत असत. आता मी नानासाहेबांच्या बैठकीत फळीवर पडून असतो आणि एक पुंगळी माझ्या अंगाला कायमची चिकटलेली आहे. येणारा-जाणारा मला उचलतो, ओढून बघतो आणि विचारतो, "निघत कशी नाही हो?" नाही निघणार. ओढा किती ओढायचं ते!

आमचं गाव गंगापूरच्या अलीकडे. गावच्या पाटलांच्या, म्हणजे नानासाहेबांच्या, बांधावरची शिसव वादळात पडली, तिच्या फांदीतून कातार्‍याने मला काढलं. नानासाहेबांच्या वडिलांनी मला ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या चंपाबाईच्या सासऱ्यांच्या हाती दिलं. म्हणजे झाड पाटलांच्या बांधावरचं, पण माझ्या अंगावरची ही चकाकी चंपाबाईच्या घरातल्या तळव्यांची. बाकीची गावकीची कामं तिच्या सासऱ्यांनी कधीच झुगारून दिली होती. पुंगळ्या तेवढ्या ठेवल्या, कारण त्या वळायला त्यांना मनापासून आवडत.

पुंगळी वळणं सोपं दिसतं, आहे मात्र चिवट काम. सिमेंटच्या पिशवीचा जाड कागद पट्ट्या कापून घ्यायचा. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कीड लागत नाही. मग पाटावर मला ठेवून तळव्याने दाबत फिरवायचं. आणि पहिला वेढा कोरडा हवा! खळ लावायची ती दुसऱ्या वेढ्यापासून. पहिल्यालाच लागली तर पुंगळी रुळाला धरते आणि मग फाडून, खरवडूनच काढावी लागते. चंपाबाईची सून सुलेखा नवी आली तेव्हा तिने हीच चूक केली होती. बिचारी रडवेली झाली. चंपाबाई हसून म्हणाली, "व्हतंय गं. म्या बी केलंय तसं." आणि सुरी घेऊन माझी हजामत करत बसली.

दसऱ्याला सोनं लुटून लोक परतले की गावमाळावर आतषबाजी व्हायची. पुंगळ्या चंपाबाईच्या, दारू भरायला गंगापूरचा परवानेवाला रामकिसन आणि पहिली बत्ती नानासाहेबांच्या घराची. ही रीत. पहिला भुईनळा उसळायचा तेव्हा ज्यांनी पुंगळ्या वळल्या ती माणसं ओढ्यापाशी, सगळ्यांच्या मागे उभी असायची. मला या रीतीचा संताप यायचा. पण लाकडाचा संताप कुणाला दिसतो?

चंपाबाईच्या घरी तोच दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. सकाळी सगळे पांढरे कपडे घालून शहरात बुद्ध लेणीला जात, संध्याकाळी परत येत. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी पुंगळ्या सांगायला नानासाहेब स्वतः अंगणात आले, तेव्हा चंपाबाईने हातातली पट्टी खाली ठेवली.

"नानासाहेब, औंदा पहिली बत्ती माह्या हातानं लागंल."

नानासाहेबांना वाटलं, म्हातारी थट्टा करते. "चंपे, काय बोलायली? मान आमच्या घराचा हाय."

"पुंगळी माहीच हाय. दिवस बी आमचा हाय. जलम गेला मागं उभं ऱ्हाऊन, अजून मला भुईनळ्याचं बूड दिसलं नाय. बत्ती नसंल तर पुंगळ्या बी नाय."

ते तसेच वळून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा शिवराज मोटारसायकलवरून आला. शिकला-सवरलेला, बोलायला गोड. म्हणाला, "मावशी, रागाचं काय नाय. तुमाला नसंल वळायचं तर आमी पोरं वळू. पण रूळ आमच्या शिसवीचा हाय, तेवढा द्या."

सुलेखा दारातून तडकली, "आत्या, देऊ नका!" मलाही तेच ओरडायचं होतं. या घरातून मला नेणार? कुणाच्या जिवावर?

चंपाबाई शांत. "बस. देते," म्हणाली. तिने पट्टी घेतली. खळीत बोटं बुडवली आणि पट्टीला अगदी पहिल्या काठापासून खळ चोपडली. पहिल्या वेढ्याला! मी दचकलो. मग तिने दाबून दाबून मला गुंडाळलं, पुन्हा खळ, पुन्हा कागद. तेव्हा मला कळलं ती काय करतेय आणि मी कधी धरला नव्हता इतका घट्ट तो कागद धरला. उन्हात वाळवून तिने मला शिवराजच्या हातात दिलं.

"घे. तुमचा रूळ."

त्याला काहीच कळलं नाही. घरी जाऊन पोरांनी मला ओढलं, पिळलं, उंबऱ्यावर आपटलं. मी कसला सोडतोय! सुरीने खरवडायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी शिवराजने शहरातून तयार फटाक्यांची खोकी आणली.

दसऱ्याला दिवस मावळताना गावमाळावर त्या फटाक्यांचा धूर झाला, आवाज झाला, संपलं. तेवढ्यात ओढ्यापलीकडून, वस्तीच्या बाजूने, एक भुईनळा उसळला. लिंबाच्या शेंड्याएवढा. बैठकीतल्या फळीवरून मला खिडकीतून नुसता उजेड दिसला आणि मी ओळखलं. इतकी घट्ट पुंगळी एकच हात वळतो. सुलेखा चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला आहे, तिने तिथून पितळेचा रूळ कातून आणला होता. दारू रामकिसननेच भरली होती.

नानासाहेब माळावरून घरी आले, मला उचललं आणि तसेच काठी टेकत ओढा ओलांडून वस्तीत गेले. तिथे निळ्या झेंड्याखाली सगळी वस्ती जमलेली. चंपाबाई पांढऱ्या लुगड्यात, हातात पेटती वात. नानासाहेब सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. बराच वेळ ते मान उंच करून बघत होते.

मग त्यांनी विचारलं, "चंपाबाई, एखादा मी लावू का?"

तिने वात पुढे केली. "लावा की. पहिला लागलाय. आता कुणीबी लावा."

त्यांनी वाकून बत्ती दिली. निघताना मला परत द्यायला हात पुढे केला. माझा जीव सुपाएवढा झाला. पण तिने मान हलवली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आमचा नवा हाय."

खोटं कशाला बोलू, फार लागलं ते. आता पुंगळी वळणं माझ्या नशिबात नाही. पण माझी कीव करू नका. परवा शिवराज ब्लेड घेऊन मला सोलायला बसला, तर नानासाहेबांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "तिनं चिकटवलंय ते." तुम्हीही कधी या बैठकीत आलात, तर मला हातात घ्या, हवं तितकं ओढा. फक्त सोलू नका. चंपाबाईने आयुष्यात एकदाच नाही म्हटलं, ते माझ्या अंगावर आहे.