पाच बैठकांचा खुराक

‘बलवंताला रोग शिवत नाही’ असं अकोल्याच्या माळीपुऱ्यातल्या तालमीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं. मानमोडीच्या तापातून उठलेला शालिकराम त्याच ओळीला पाठ टेकून धापा टाकत होता. घरापासून तालीम दीडशे पावलांवर होती.

चैत्री पुनवेला मारुतीपुढचा दगड जो खांद्यावर घेईल, तो वर्षभर तालमीचा म्होरक्या. चार वर्षं हा मान शालिकरामाचा होता. त्याच्या खालोखाल जोर चुलतभाऊ गोवर्धनाचा. आता पौष चालू होता.

“पाच बैठका,” शेषराव वस्ताद म्हणाले. “रोज एक वाढवजो. दम लागला का बसून राह्यजो.”

“वस्ताद, मी तीनशे मारत होतो.”

“तो गडी गेला तापात. तू नवा भरती हायेस.”

शालिकरामानं गुरूची आज्ञा अक्षरशः पाळली. पहिल्या दिवशी बैठका पाचच मारल्या, मग रोज एकच वाढवली. खुराकाबद्दल मात्र वस्ताद काही बोलले नव्हते. तेव्हा दोन शेर दूध, पावशेर तूप आणि मूठभर बदाम हा तीनशे बैठकांचा खुराक त्यानं तसाच सुरू ठेवला. ताकद यायची ती तोंडावाटेच, दुसरी वाट त्याला ठाऊक नव्हती.

“बसल्या बैलाले कोनी दुप्पट सरकीची ढेप टाकते काय?” त्याची बायको वच्छला म्हणाली.

“तुले तालमीतलं काय समजते?”

“तालमीतलं नाही समजत. बैलाचं समजते.”

महिन्याभरात धोतर कमरेला पुरेना. शालिकराम खूष झाला. अंग भरून आलं म्हणून त्यानं वस्तादांना दाखवलं. वस्तादांनी बोटानं पोट दाबून पाहिलं.

“हे बळ नोहे, गड्या. हे सातव्या महिन्यातलं पोट होय.”

दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकर आणि वरण. सकाळी बैठका, दुपारी वच्छलेच्या हाताखाली वांग्याच्या वाफ्यांना पाणी. पहिल्या दिवशी एका सरीतच तो बांधावर बसला. उरलेल्या अकरा सऱ्या वच्छलेनं भिजवल्या, हे त्याला लागलं. फाल्गुन सरता सरता बाराही सऱ्या त्याच्या एकट्याच्या झाल्या आणि बैठका साठावर गेल्या.

पुनवेला त्यानं दगडाला मिठी मारली. दगड गुडघ्यापर्यंत आला, मांडीवर टेकला, छातीपर्यंत चढला. तिथून वर जाईना. त्यानं तो हळूच खाली ठेवला. वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग गोवर्धनानं दगड खांद्यावर घेतला आणि देवळाला फेरी घातली.

गोवर्धनाला मानमोडी झालीच नव्हती.