खसखशीएवढा पांढरा ठिपका

मी पिपेट बोलतेय. पेनाहून थोडी जाड, डोक्यावर एक बटण. ते अंगठ्याने दाबून सोडलं की मी थेंबाचाही हिस्सा मोजून उचलते. हिमायतनगरच्या एका प्रयोगशाळेत नऊ वर्षं हेच केलं. चांगलं केलं, असं म्हणायला आता जीभ रेटत नाही.

मला वापरायची ती त्रिवेणी. पेशी फोडून त्यांतला डीएनए वेगळा काढायचा आणि किती निघाला ते यंत्रावर मोजायचं, हे तिचं काम. रोज सकाळी ती मला स्पिरिटने पुसायची.

एका सोमवारी घाईत मी तिच्या हातातून फरशीवर पडले. पडलेली पिपेट बाजूला ठेवायची, तिने उचललेलं पाणी तराजूवर तोलून पाहायचं आणि मगच ती वापरायची, असा नियम. त्रिवेणीने मला फिरवून पाहिलं. तडा नव्हता. "हौ, ठीक आहे," असं स्वतःशीच म्हणत तिने मला स्टँडला अडकवलं. आतली स्प्रिंग अडखळत होती. ते मला कळत होतं. सांगता येत नव्हतं.

बुधवारी फ्रीजरमधून कौस्तुभच्या रक्ताची नळी निघाली. कौस्तुभ जन्मजात आजाराने चौथ्या वर्षीच वारला होता. त्याची आई शर्वरी, चिक्कडपल्लीची, पुन्हा गरोदर होती. त्याच्या डीएनएत दोष नेमका कुठे होता हे कळलं, तरच पोटातल्या बाळात तो शोधता येणार होता. नळी एकच उरली होती.

त्रिवेणीने पेशी फोडल्या, प्रथिनं काढून टाकली, गार अल्कोहोल घातलं, नळी यंत्रात गरगर फिरवली. तळाशी खसखशीएवढा पांढरा ठिपका बसला. तो राखायचा आणि वरचं पाणी मी उचलायचं. माझं बटण अडकलं आणि एकदम सुटलं. पाण्याबरोबर ठिपकाही माझ्या टोकात आला आणि टाकाऊ पाण्याच्या, ब्लीच भरलेल्या भांड्यात जाऊन नष्ट झाला.

मोजणीच्या यंत्रावर आकडा आला, शून्याला चिकटलेला. तिने पुन्हा मोजलं. तोच. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"'नमुना अपुरा' असं लिही," प्रयोगशाळेचे प्रमुख प्रमोद सर म्हणाले. "आता अपुराच आहे की."

"नक्को सर. पुरेसा होता. माझ्या हातून गेला."

दुसऱ्या दिवशी शर्वरी समोर बसली होती. त्रिवेणीने पडल्यापासूनचं सगळं सांगितलं. शर्वरी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"त्याच्या जावळाची बट आहे."

"कापलेल्या केसाला मूळ नसतं, ताई. नाही चालणार."

"आणि नाळ? वाळलेली आहे. चांदीच्या डबीत."

"चालेल."

"सगळी लागेल?"

"थोडीशीच. बाकीची मी स्वतः आणून देईन."

त्या तुकड्याचं काम दुसऱ्या पिपेटने केलं. मी फळीवरून पाहत होते. आकडा पुरेसा आला. बाळाचं पुढे काय निघालं, ते माझ्या फळीपर्यंत पोचलं नाही. डबी परत नेताना त्रिवेणीने ती रुमालात गुंडाळली होती, एवढं पाहिलं.

आता माझ्या कमरेला 'वापरू नये' अशी लाल पट्टी आहे. नवीन मुली शिकायला आल्या की त्रिवेणी मला हातात घेते. "ही पडली होती. मी कुणाला सांगितलं नाही," एवढंच म्हणते आणि मला पुढच्या हातात देते. दर वेळी आम्ही दोघी शरमतो.

तुमच्या हातून काही पडलं, तर त्याच वेळी सांगा. आज मी इतकं बोलले. त्या बुधवारी एक शब्द बोलता आला असता, तर पुरे होतं.