वेवजीच्या टेकाडावरचे बोलके फोन

वेवजीच्या टेकाडावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. झाईहून सुकी मासळी विकणाऱ्या बाया आल्या होत्या, जवळच्या गुजरात सीमेपलीकडून दुचाक्या आल्या होत्या, आणि प्रत्येकाच्या हातात रिचार्ज संपलेला फोन होता. लडक्या भगत देवीच्या नावाने फोनला अंगारा लावी, काहीतरी पुटपुटे आणि परत देई. फोन लागत असे.

"कंपनीचा रिचार्ज संपतो, माझ्या आईचा संपत नाय!" भगत गरजला. "तिचा टॉवर वर आहे, वर!"

"मग कस्टमर केअर पण तूच का रे?" मागून कुणीतरी विचारले. हशा पिकला, पण फोन लागत होता, आणि हशाने पुरावा खोडला जात नाही.

मी तलासरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. टेकाडावर गेलो तो माझ्या ओळखीतल्या भीमाच्या निरोपावरून. त्याची मुलगी रोशनी तिथे गोधडीवर पडून होती. अंग तापलेले, मान ताठ.

"हिराबाई, हिला आत्ताच्या आत्ता डहाणूच्या दवाखान्यात न्या," मी तिच्या आईला म्हणालो.

"सर, मुका फोन बोलता करतो तो. माझ्या पोरीचा ताप नाय उतरवणार?"

तर्क चुकीचा होता, पण तर्क होता. तो पहिल्याच पायरीवर तोडायचे मी ठरवले.

भीमाच्या फोनमध्ये रिचार्ज नव्हता, अंगाराही लागलेला नव्हता. तरी मी लावून पाहिला, तर तो लागला. पडद्यावर गुजरातचे नेटवर्क होते. मी सेटिंगमध्ये महाराष्ट्राचे निवडले आणि फोन भगतापुढे धरला.

"आता लाव अंगारा."

त्याने मूठभर फासला. फोन मुकाच. मी अंगारा पुसला, पुन्हा गुजरात निवडले आणि माझी जुनी विद्यार्थिनी हर्षदा हिला फोन लावला. तो लागला. हे फोन ज्या मोबाइल कंपनीचे, तिच्याच नेटवर्क विभागात ती आहे. प्रकार ऐकून तिने आपल्या संगणकावर पाहणी केली. मी स्पीकर सुरू केला.

"सर, प्रत्येक फोन गेटवेतून, म्हणजे जोडणी करणाऱ्या यंत्रातून जातो. गेटवेने ठरावीक वेळाने बिलिंग सर्व्हरला, म्हणजे पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाला विचारायचं असतं, 'आहेस का?' उत्तर आलं नाही, की पर्यायी सर्व्हर धरायचा. गुजरातच्या गेटवेवर ही विचारपूसच कुणीतरी बंद ठेवली आहे. सर्व्हर बंद पडलाय आणि गेटवे त्याला जिवंत समजून त्याच्याकडेच हिशेब पाठवतोय. बिलाचं उत्तर आलं नाही तरी गिऱ्हाइकाचा फोन तोडायचा नाही, असा आमचा नियम आहे."

"म्हणजे फुकट?" भीमाने विचारले.

"फुकट, काका. देवी नाही, सेटिंग चुकलंय. विचारपूस चालू करायला सांगते, मग गेटवे पर्यायी सर्व्हर धरेल आणि रिचार्ज नसलेले फोन लागणार नाहीत."

थोड्या वेळाने टेकाडावरचे सगळे रिकामे फोन एकदम मुके झाले. मला वाटले, संपले. भगत मात्र माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "या शिकलेल्याने आईला दुखावलं! माफी मागितल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाय!"

आणि लोक वाटेत उभे राहिले. चमत्कार संपल्याचा राग त्यांनी चमत्कार करणाऱ्यावर नव्हे, कारण सांगणाऱ्यावर काढला. भीमाने हात जोडले, मी ओरडलो, भगताने नारळ फोडले. दिवस कलला.

शेवटी हिराबाई उठली. तिने आपला फोन भगताच्या हातात दिला. "लाव. एकदाच लाव."

त्याने अंगारा फासला, पुटपुटला, डोळे मिटले. सगळे ऐकत होते. काहीही झाले नाही.

"बाय, आई रुसलीय..."

"रुसू दे," ती म्हणाली आणि मुलीला खांद्यावर टाकून गर्दीतून चालू लागली. तिला कुणी अडवले नाही.

डहाणूला कळले, मेंदूच्या आवरणाला सूज होती. रोशनी वाचली, दोन्ही कान गेले. सकाळी आणली असती तर कदाचित ऐकू आले असते, असे डॉक्टर म्हणाले. हिराबाई अजूनही तिला पाठीमागून हाक मारते आणि मान वळते का ते पाहते.

गेटवेची चूक एका सूचनेने दुरुस्त झाली. माणसांच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून एवढेच सांगतो: हाकेला उत्तर येते की नाही ते तपासा, येत नसेल तर दुसरे दार ठोठावा. आणि आजारी मूल असेल तर वाद घालत बसू नका. आधी दवाखाना गाठा. चमत्कार खोटा ठरवायला पुढे वेळ मिळतो.