कमलबाईंची बोटं

"कमलबाई, हा हैदराबादचा कागद आहे. तुमची बोटं काही वेगळं सांगतात म्हणून मी ऑपरेशन थांबवू?"

डॉक्टर बन्सीधर नवे होते, हुशार होते आणि जरा घाईचे होते. समोर बाकावर केवळाबाई बसली होती, गळ्यावर लिंबाएवढी गाठ. शेजारी तिची सासू म्हाळसाबाई. मेंढरं राखणाऱ्या या बाया येलदरीकडून पाच कोस चालत जिंतूरच्या दवाखान्यात आल्या होत्या. निजाम गेला तरी इथल्या रोग्यांचं रक्त तपासायला हैदराबादलाच जायचं. गळ्यातली अशी गाठ जो रस सोडते त्यात आयोडीन असतं. ते रक्तात फार, म्हणजे गाठ बेफाम चाललीय, असं तिथून लिहून आलं होतं. गळा कापायचा हे ऐकल्यापासून केवळाबाई रडायचीही थांबली होती. अंगावरचं लेकरू कुणाकडं ठेवायचं, एवढंच ती सासूला विचारत होती.

कमलबाई वीस वर्षं इथं नर्स. राग आला की त्या आवाज चढवत नसत, पदर खोचत. आता तो खोचलेला होता.

"साहेब, पिसाळलेल्या गाठी म्या लय बघितल्या. बाई वाळून जाती, घामानं निथळती, नाडी पळती, हात कापत्यात. ही पाच कोस चालून आली अन् नाडी सत्तर. हिची बोटं पसरून वर कागद ठेवला, त्यो बी हालंना."

"मग रिपोर्ट खोटा?"

"त्ये मला काय ठाव? पर ही बाई खोटी न्हाई."

डॉक्टरांना ते झोंबलं. कमलबाईंनी पुन्हा केवळाबाईच्या मागं उभं राहून गाठीवर बोटं ठेवली, तिला पाण्याचा घोट घ्यायला लावला. गाठ वर सरकली, खाली आली. बोटांना कातडी खरखरीत लागली. त्यांनी वाकून पाहिलं. तांबूस डाग, पापुद्रे निघालेले.

"काय लावायलीस गं हितं?"

केवळाबाईनं सासूकडं पाहिलं.

"टिंचर," म्हाळसाबाई म्हणाली. "लोकर कातरताना मेंढराला कात्री लागली की आमी त्येच लावतो. जखम वाळती. म्हनलं, गाठ बी वाळंल. महिना झाला, रोज दोन बार लावायलेय."

डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. टिंचर म्हणजे आयोडीन! कातडीतून ते रक्तात उतरलं होतं आणि हैदराबादच्या यंत्रानं इमानदारीनं तेवढंच मोजलं होतं.

टिंचर बंद झालं, ऑपरेशन थांबलं. अंगातलं आयोडीन उतरायला वेळ दिला. चार महिन्यांनी रक्त पुन्हा पाठवलं. उत्तराचं पाकीट आलं तेव्हा केवळाबाई लेकरू घेऊन समोर बसली होती. डॉक्टरांनी पाकीट न फोडताच टेबलावर ठेवलं.

"कमलबाई, आधी तुम्ही बघा."

कमलबाईंनी तिचा गळा सावकाश तपासला. "गाठ हाय, पर निवांत हाय. कापायची गरज न्हाई."

मग डॉक्टरांनी पाकीट फोडलं आणि एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरचे रोगी आत डोकावले. आयोडीन अगदी बेताचं होतं. केवळाबाईला रडू फुटलं ते आता. लेकराला छातीशी धरून ती मनसोक्त रडली.

डॉक्टर तिच्या कागदावर इंग्रजीत लिहू लागले.

"काय लिवलं साहेब?"

त्यांनी मराठीत सांगितलं. "हाताची तपासणी, गाठ शांत. तपासणाऱ्या, कमलबाई. आणि त्याखाली, रक्ताची तपासणीही हेच सांगते."

वीस वर्षांत हजेरीपटाबाहेर त्यांचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. कमलबाईंनी खोचलेला पदर सोडला, त्याच्या टोकानं डोळे टिपले आणि दाराकडं वळून म्हणाल्या, "पुढची कोन हाय? ये बाई, बस."