प्रीती डोक्यावरच उभी राहणार

वैशालीचं सहा फुटी चित्र आज पहिल्यांदा भिंतीवर लागणार होतं. तेही घोडबंदर रोडच्या पस्तीस मजली टॉवरच्या लॉबीत! दिवसा ती फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करायची. चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती, आणि शिकवायला कुणी आलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. तीन महिने खपून तिनं रंगवली होती ती प्रीती, तिच्याच चाळीतली, कोपरच्या पुलाखाली ब्रेकडान्स करणारी. बाइकचा हेडलाइट एका अंगानं मारलेला, पिक्चरच्या सीनसारखा. त्यात प्रीती डोक्यावर उभी, पाय आभाळात, वेणी लादीवर, गुडघा खरचटलेला.

"गुडघा गोरा केलास तर बघ," प्रीतीनं तेव्हाच दम भरला होता.

दीड तास जाममध्ये काढून दोघी पोचल्या. बसमध्ये प्रीतीचं तोंड बंद नव्हतं. "दारातच मी! गाडीवाले लोक रोज माझं तोंड बघून कामाला जाणार गं!"

काचेचं दार उघडलं आणि वैशाली जागीच थिजली.

चित्र उलटं टांगलं होतं. लादी वर, पाय खाली.

"वेलकम मॅडम!" सोसायटीचे सेक्रेटरी भडकमकर हसत आले. "एक छोटासा बदल केला. दारातून शिरताना वर केलेले पाय दिसणं अपशकुन. आता कशी, मुलगी सरळ उभी!"

"उभी कुठाय? पाय हवेत लोंबतायत. फासावर चढवलीत तुम्ही तिला."

भडकमकरांनी वळून पाहिलं. चेहरा पडला, पण सेक्रेटरी माघार घेतो होय? "उद्घाटनाला पाहुणे आलेत. उद्या बघू."

"मग चित्र परत न्यायचंय मला. शिडी द्या."

"मॅडम, तमाशा नको."

तमाशा म्हटल्यावर प्रीतीनं चपला काढल्या. मोबाइल जमिनीवर ठेवला, बीट लावला, दोन गिरक्या घेतल्या आणि त्या चकचकीत मार्बलवर, चित्राच्या बरोब्बर खाली, डोक्यावर उभी राहिली. वेणी फरशीवर. खरचटलेला गुडघा वर.

"ते सरळ होईपर्यंत मी सरळ होणार नाही!"

लॉबीतले पाहुणे वळून बघायला लागले. मग खडवलीचा वॉचमन रघु खो-खो हसला. सातव्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी मान तिरकी करून चित्र पाहिलं, मग खाली पोरीकडे.

"अगंबाई! हीच की ती! अहो भडकमकर, तो गुडघासुद्धा तोच!"

बघता बघता सूट-साड्यांतले वीस-पंचवीस जण माना वाकड्या करून उभे. कुणी टाळ्या, कुणी व्हिडिओ. कोपरची पोरगी बघायला हे लोक वाकले होते!

"वैशे, लवकर," खालून आवाज आला. "मानेची वाट लागली."

भडकमकरांनी तोंड उघडायच्या आत रघु शिडी घेऊन हजर. वैशाली झरझर चढली. खालून चार जणांनी चौकट तोलली, तिनं फिरवली, खिळ्याला अडकवली.

"डावी बाजू खाली आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"कुणाची डावी?" लालबुंद प्रीती ओरडली. "माझी की तुमची?"

"तुझीच, बाळा. आज सगळं तुझ्याच बाजूनं."

वैशालीनं चौकट बोटभर उचलली. वर एक प्रीती, खाली एक प्रीती, दोघींचे पाय आभाळात.

"पाय टेक आता," ती शिडीवरून ओरडली.

"थांब गं," प्रीती म्हणाली. "त्यांना नीट बघू दे."