मिसबाचे तीन मासे

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे आणि मिसबाचे तीन मासे माझ्यामुळे मेले. घरात हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

कसब्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. शहेजादभाईंच्या घरी आलो तेव्हा माझ्या पोटात पांढरी कल्हई होती. वीस वर्षे मी इमानाने पाणी सांभाळले. पुढे कल्हई उडाली, कल्हईवाले दिसेनासे झाले, आणि कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये माझी रवानगी माळ्यावर झाली.

मग शहेजादभाईंच्या पत्नी जैनबभाभी यांना मोबाइलवर कोणीतरी कळवले की तांब्यातले पाणी प्रकृतीला उत्तम. मोबाइलवर आले म्हणजे खरेच असणार! मला खाली काढून चिंच-मिठाने आतून लख्ख घासले. शेजारच्या वेणूबाईसुद्धा तांब्याभर पाणी मागून नेऊ लागल्या. मी चांगलाच फुशारलो, खोटे कशाला बोलू?

त्याच सुमारास घरातला थोरला मुलगा फैझल नोकरीसाठी बंगळूरला निघाला. आपले मासे त्याने धाकट्या बहिणीच्या, मिसबाच्या हवाली केले. नळाच्या पाण्यात औषध असते, ते रात्रभर बादलीत ठेवून मगच माशांना घालायचे, असे त्याने तिला बजावले होते. पोरगी ते कधी विसरली नाही.

एका गुरुवारी नळ बंद होता आणि बादली रिकामी. मी मात्र कालच्या पाण्याने भरलेला होतो. रात्रभर ठेवलेले, शिवाय घरातले सर्वांत चांगले पाणी. मिसबाने मोठ्या मायेने ते माशांच्या काचेच्या टाकीत ओतले.

पाण्याचा स्वभावच असा की जे भेटेल त्यातले थोडेथोडे ते आपल्यात विरघळवून घेते. हवाही घेते, म्हणून तर मासे पाण्यात श्वास घेतात. आणि माझ्या उघड्या पोटातले तांबेही घेते. रंग बदलत नाही, दिसायला सारे नितळच. माणसांना जे जाणवलेही नाही, ते त्या इवल्या कल्ल्यांना सोसले नाही. दुपारी मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. संध्याकाळपर्यंत तिन्ही गेले. मी ओट्यावरून पाहत होतो.

मिसबाने फोनवर भावाला एवढेच सांगितले, "भाईजान, मी खाणं जास्त घातलं बहुतेक. माझंच चुकलं." त्या दिवसापासून ती माझ्यातलेच पाणी पिते आणि मला लाज वाटते.

ईदला फैझल आला तो दोन नवे मासे घेऊन. आज सकाळी तो परत निघाला, तेव्हा मिसबा म्हणाली, "या वेळी मी यांना फक्त हंड्याचंच पाणी घालणार." तो बुटाची नाडी बांधत होता. हो म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, हंड्याला तोंड असते, पण घरच्यांशी बोलता येत नाही. एकाला मानवणारे पाणी दुसऱ्या जिवाला मानवेलच असे नाही, ते कुठल्या भांड्यात राहिले हे आधी बघत जा. आणि तुमच्यापैकी कोणी मिसबाच्या वर्गात असेल, तर तिला सांगा की चूक तिची नव्हती, माझी होती. पण ते नंतर सांगितले तरी चालेल. आधी माशांचे सांगा, ती उद्या सकाळी पाणी बदलणार आहे.